कोडिंगचा क येत नाही, पण वेबसाइट हवीय

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत एकच सूर आहे, सोप्पं सॉफ्टवेअर सांगा, कोडिंग येत नाही, खर्च कमी हवा. एक नाव सांगून मोकळी झाले असते, पण होमस्टेवाल्याला जे चालतं ते फराळवालीला चालत नाही, म्हणून एकेकाला वेगळं उत्तर देतेय. आणि प्रत्येकाला मी उलट विचारणारच आहे, की साइट तयार झाल्यावर तिच्यात बदल कोण करणार, आणि उद्या ती कंपनी सोडायची वेळ आली तर तुमच्या हातात काय उरणार. त्या दोन उत्तरांवरनं सॉफ्टवेअर ठरतं, यूट्यूबवरच्या टॉप टेनवरनं नाही.

प्रश्न: नमस्कार ताई. आमचं वेळणेश्वरजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, जेवण घरचंच. गूगलवर धंद्याची नोंद केली तेव्हा तिथंच एक फुकट वेबसाइट मिळाली होती, ती मधेच बंद झाली, कार्डावर छापलेला पत्ता आता उघडतच नाही. मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो वर्डप्रेस घ्या. भाचा म्हणतो विक्स घ्या, एकदम सोप्पं. मला मोबाइल चांगला येतो, लॅपटॉप जेमतेम. काय घेऊ?
एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर: काका, तुमची साइट बंद पडली त्यात तुमच्याकडनं काही बिघडलेलं नाही. बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे तुम्ही केलेल्या त्या गूगलवरच्या नोंदीतून, ज्या फुकट साइट बनायच्या त्या गूगलनं मार्च २०२४ मध्ये सरसकट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला तुमच्या प्रोफाइलकडे वळवत होते, नंतर तेही थांबलं. पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साइट असं होतं ना, म्हणजे पत्ता मुळात गूगलचा होता, तुमचा नव्हता, म्हणून कार्डंही वाया गेली. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावावरचा वेबसाइटचा पत्ता, घेतलेलं असतं तर मागचं सॉफ्टवेअर बदललं असतं आणि कार्डावरचा पत्ता तोच राहिला असता.

त्यामुळे पहिला खर्च डोमेनचा, बाकी सगळं नंतर. डॉट इन किंवा डॉट कॉम, वर्षाला साधारण हजार-दीड हजाराच्या आसपास जातं, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षाला अगदी किरकोळ पैशात अशा जाहिराती दिसतील, तिथं खाली बारीक अक्षरात रिन्युअलचा रेट असतो तो आधी बघायचा, कारण तुम्ही तो दरवर्षी भरणार आहात. आणि डोमेन तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर घ्यायचं. मुलाच्या ऑफिसच्या ईमेलवर तर मुळीच नाही, नोकरी बदलली की तो ईमेल गेला.

आता भाच्याचं विक्स. २००६ मध्ये सुरू झालेली इस्रायली कंपनी, आणि सोपेपणाच्या बाबतीत भाचा खोटं बोलत नाहीये, फोटो उचलायचा, पाहिजे तिथं ठेवायचा, झालं. पण तीन गोष्टी त्यानं सांगितल्या नसणार. फुकटच्या प्लॅनमध्ये वर त्यांच्या जाहिरातीची पट्टी येते आणि पत्त्यात त्यांचं नाव राहतं, स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे भरावे लागतात. नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा टेम्पलेट, म्हणजे पानाची तयार मांडणी, निवडून साइट भरली की नंतर त्याच साइटला दुसरं टेम्पलेट लावता येत नाही, नवीन साइट उघडून परत सगळं मांडायचं. आणि तिथली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, सोडलंत तर सगळं पहिल्यापासून.

मुलाचं वर्डप्रेस. घ्या म्हणणारे बरेच लोक कुठलं वर्डप्रेस ते सांगतच नाहीत, कारण ती दोन आहेत. डॉट ऑर्गवालं म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, २००३ पासून आहे, फुकट आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, पण होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, तुम्ही घ्यायचं, अपडेट तुम्ही मारायचे, प्लगिन, म्हणजे वरून लावलेली जोड-सॉफ्टवेअरं, तुम्ही सांभाळायचे, बॅकअप तुम्ही ठेवायचा. डॉट कॉमवालं म्हणजे एक कंपनी तेच सॉफ्टवेअर स्वतःकडे चालवून देते, डोकेदुखी कमी, पण डोमेन जोडायला पैसे. मुलगा आयटीत आहे म्हणजे त्याच्या डोक्यात बहुतेक पहिलं असणार, आणि तो ते करूनही देईल हो, झक्कास करून देईल, पण मे महिन्यात तुमच्याकडे खोल्या फुल्ल असताना कुठलंतरी प्लगिन फाटलं तर तो पुण्यात मीटिंगमध्ये असणार.

तुम्हाला मी गूगल साइट्स नावाची दुसरी सोय सांगेन. हो, परत गूगलच, आणि उद्या हेही बंद करणार नाहीत याची हमी मी देत नाही, पण यावेळी पत्ता तुमचा असेल आणि मजकूर-फोटो एका फोल्डरमध्ये तुमच्याकडे असतील, त्यामुळे दुसरीकडे हलायला एक दुपार पुरेल. पैसे लागत नाहीत, जाहिरात नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं, नकाशा आणि यूट्यूबचा व्हिडिओ दोन क्लिकमध्ये बसतो. दिसायला साधं आहे, डिझाइनचे फार लाड होत नाहीत. पण चार खोल्यांच्या होमस्टेला माणूस काय बघतो, खोली, बाथरूम, समुद्र किती लांब, माशाचं जेवण मिळतं का, आणि फोन नंबर. तेवढं यात मस्त बसतं.

अडचण एकच, गूगल साइट्सचं एडिटिंग कॉम्प्युटरवरच करावं लागतं, मोबाइलवर ते धड होत नाही, आणि तुम्हाला तर मोबाइलच येतो. त्यावर एक युक्ती सांगते. रेट साइटवर टाइप करू नका. गूगल शीटमध्ये छोटा तक्ता करा, खोली, नेहमीचा रेट, दिवाळी आणि मेचा रेट, आणि मुलाला सांगा ती शीट साइटच्या पानात घालून दे, शेअरिंगमध्ये लिंक असलेल्या कुणालाही फक्त बघता येईल असं ठेव. मग तुम्ही ओटीवर बसून मोबाइलच्या शीट्स ॲपमध्ये आकडा बदलला की साइटवर आपोआप बदलतो, साइट उघडायचीच गरज नाही.

व्हॉट्सॲपचं बटण हवंच. त्याची लिंक अशी लिहायची, डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. मधे अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, स्पेस नाही. इथंच बहुतेकांचं चुकतं, नंबरच्या आधी शून्य टाकतात आणि मग बटण दाबलं तरी काही होत नाही म्हणतात. फोटोंचं म्हणाल तर मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसेच बारा फोटो टाकले तर घाटात रेंज जात-येत असताना गिऱ्हाइकाला पांढरं पान दिसणार. स्क्वूश नावाचं गूगलचंच एक फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं, त्यात टाकून दोनशे-तीनशे केबीपर्यंत आणा, नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. रेटकार्डाचा किंवा मेनूचा फोटो काढून चिकटवू नका, अक्षरात लिहा, नाहीतर गूगलला तो वाचता येईलच असं नाही आणि चष्मेवाल्या गिऱ्हाइकालाही नाही.

आणि जुनं बिझनेस प्रोफाइल अजून चालू आहे ना, त्यात वेबसाइटच्या जागी हा नवा पत्ता टाकायला विसरू नका. तुमच्याकडे येणारा माणूस आधी नकाशावर शोधतो, साइटवर नंतर येतो.

प्रश्न: मी निवृत्त मराठी शिक्षक. गेली कित्येक वर्षं दैनिकांतून, दिवाळी अंकांतून लिहितोय. सगळं लेखन वेबसाइटवर ठेवावं असं वाटतं. बरेच लेख जुन्या श्रीलिपीत टाइप केलेले आहेत, ते ईमेलमध्ये चिकटवले की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. शिवाय वेबसाइटचा पत्ता मराठीतच असावा अशी इच्छा आहे. ते शक्य आहे का?
एक वाचक, सांगली

उत्तर: सर, आधी खिचडीचं बघू, कारण ती निस्तरल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर घेऊन उपयोग नाही. जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी कळाच असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेला, म्हणून तो फॉन्ट नसेल तिथं मूळ अक्षरं उघडी पडतात. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, आणावं लागतं, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, प्रत्येक लेख एकदा वाचायलाच लागतो. कुठं बघायचं तेही सांगते. पहिली वेलांटी, कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि बदलताना शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. आणि दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा असले शब्द, त्यांचा अर्धा र हमखास मोडतो नाहीतर रफार होऊन बसतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. हे तुमच्याइतकं चांगलं कोण पकडणार.

आता साइट. नुसतं लेखन ठेवायचंय, दुकान नाही, बुकिंग नाही, म्हणजे ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम, या दोघांपलीकडे बघायचं कारण नाही. ब्लॉगर १९९९ सालचं, २००३ मध्ये गूगलनं घेतलं, पूर्ण फुकट, स्वतःचं डोमेन जोडायलाही वेगळे पैसे नाहीत. गूगलनं त्यात बरीच वर्षं फारसं नवीन काही केलेलं नाही हे मात्र दिसतं, थीम जुनाट वाटतात. वर्डप्रेस डॉट कॉम जास्त देखणं आहे, मराठीतून वापरता येतं, लेखांचे विभाग-उपविभाग नीट पडतात, पण फुकटच्या प्लॅनमध्ये जाहिराती येतात आणि त्या कुठल्या येतील यावर तुमचा ताबा नाही. तुमच्या ललित लेखाखाली केसगळतीच्या तेलाची जाहिरात तुम्हाला चालेल का बघा. पेन्शनीतून वर्षाला काही हजार काढायची तयारी असेल तर वर्डप्रेस, नसेल तर ब्लॉगर, आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन्हीकडून सगळं लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं, ते दर महिन्याला करत जा.

एक बारकावा, जो कुणी सांगत नाही आणि मग वर्षभरानं डोक्याला हात लावायची वेळ येते. लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की ब्लॉगर त्यातली देवनागरी अक्षरं सोडून देतं आणि लेखाच्या लिंकमध्ये नुसतं ब्लॉग-पोस्ट, पुढच्याला ब्लॉग-पोस्ट आणि एक आकडा, असलं काहीतरी लावतं. वर्डप्रेस उलट करतं, मराठी शीर्षक लिंकमध्ये ठेवतं, पण तीच लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की बऱ्याचदा त्याची पर्सेंट-ई-शून्य-पर्सेंट-ए-चार अशी हातभर लांब शेपटी होते आणि वाचणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. दोन्हीकडे उपाय तोच, प्रकाशित करायच्या आधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये लिंकचा शब्द रोमन अक्षरात स्वतः लिहायचा, दोन-तीन शब्द बास.

पत्त्याचं, हो, शक्य आहे. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, मराठी, कोंकणी, हिंदी सगळ्यांना चालतं. घ्या हौसेनं, पण मुख्य पत्ता डॉट इनवर ठेवा आणि डॉट भारत त्याच्याकडे वळवा. अजून पुष्कळ फॉर्म आणि ॲप देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत, आणि ज्याच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड नाही तो टाइप तरी कसा करणार.

फॉन्ट निवडायला मिळाला तर तिरो देवनागरी मराठी बघा, गूगल फॉन्ट्समध्ये आहे. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, यात आपले येतात. तुम्ही मराठीचे शिक्षक, तुम्हाला ते खुपल्याशिवाय राहणार नाही.

प्रश्न: ताई मी घरून मसाले, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीला फराळ करते, ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात. एकीनं सांगितलं शॉपिफाय घे, कार्ट वगैरे सगळं येतं, लोक परदेशातून पण ऑर्डर करतील. घेऊ का? कोडिंग अजिबात येत नाही.
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आत्ता नको.

शॉपिफाय वाईट आहे म्हणून नाही, दुकानासाठी त्याच्याइतकं सरळ काही नाही, माल भरा, किंमत टाका, सुरू. पण त्याचं भाडं दर महिन्याला चालू राहतं, तुझं मेतकूट त्या महिन्यात विकलं गेलं नाही तरी. शिवाय ऑनलाइन पैसे घ्यायला पेमेंट गेटवे लागतो, तो प्रत्येक ऑर्डरमागे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. दोनशे रुपयांच्या भाजणीत चार-पाच रुपये म्हणजे फार वाटत नाहीत, पण पॅकिंग, कुरिअर आणि हे सगळं धरून किंमत परत मांड, मग बघ काय उरतंय.

व्हॉट्सॲप बिझनेस वापरतेस की साधं? साधं असेल तर आजच बदल. त्यात कॅटलॉग करता येतो, पाचशेपर्यंत वस्तू बसतात, फोटो, वजन, किंमत, सगळं, आणि कॅटलॉगची एक लिंक मिळते ती पाठवायची. पैसे यूपीआयनं. साइट हवीच असेल तर एकाच पानाची कर, गूगल साइट्समध्ये नाहीतर कॅनव्हात, कॅनव्हा तू लेबलसाठी वापरतच असशील, त्यात वेबसाइटही प्रकाशित होते. पानावर काय विकतेस, कुठं पोचवतेस, किती दिवस आधी ऑर्डर द्यायची, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर. तो नंबर पाकिटावर असतो तसा तिथंही ठळक टाक, घरगुती असलं तरी नोंदणी लागते, आणि ऑनलाइन विकायचं म्हटलं की सगळीकडे आधी तोच मागतात.

शॉपिफायकडे जायची वेळ तुला आपोआप कळेल. ऑर्डर लिहून घेताना चुकायला लागल्या, कुणी पैसे भरले कुणी नाही याचा हिशोब रात्री बारापर्यंत चाललाय, तेव्हा जा. जाशील तेव्हा दोन गोष्टींची तयारी ठेव. गेटवेवाले खातं मंजूर करायच्या आधी साइट उघडून बघतात, त्यांना संपर्काचं पान, परताव्याचे नियम, अटी, गोपनीयता हे सगळं लिहिलेलं लागतं, आणि फराळ परत घेणार नाही असं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. दुसरं, परदेशी कंपनीचे पैसे कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापून जातील असं गृहीत धरू नकोस. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झालेत, आधी ओटीपी देऊन मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करावा लागतो, आणि काही बँकांच्या कार्डांवर तो बसतच नाही. ऐन दिवाळीच्या आठवड्यात पैसे कापले गेले नाहीत म्हणून दुकान बंद, असलं व्हायला नको, म्हणून शक्य असेल तिथं वर्षाचे एकदम भर.

दुकानासाठी वूकॉमर्स नावाचंही कुणीतरी सुचवेल, वर्डप्रेसवर चालतं, फुकट आहे म्हणतील. प्लगिन फुकट आहे, होस्टिंग फुकट नाही आणि सांभाळायची कटकट वेगळीच. घरात करणारं कुणी असेल तरच.

परदेशाचं स्वप्न तूर्त बाजूला ठेव. खाण्याचा माल बाहेर पाठवायचा म्हणजे कागदपत्रांचं वेगळं प्रकरण आहे, कार्ट लावल्यानं ते सुटत नाही.

प्रश्न: आमचं कॅनडात, ओंटारियोतल्या एका शहरात मराठी मंडळ आहे. दर दोन वर्षांनी कमिटी बदलते आणि प्रत्येक नवी कमिटी नव्यानं वेबसाइट बनवते, कारण जुन्याचा पासवर्ड कुणाकडे नसतो. डोमेन पूर्वी कोणीतरी गूगलकडून घेतलं होतं म्हणतात, पण आता गूगलमध्ये शोधलं तर तिथं डोमेनचं काही दिसतच नाही. नवीन कुठलं सोपं सॉफ्टवेअर घ्यावं जे सगळ्यांना जमेल?
एक वाचक, ओंटारियो

उत्तर: तुमचं डोमेन हरवलेलं नाहीये, स्क्वेअरस्पेस नावाच्या वेबसाइट बनवायची सोय देणाऱ्या कंपनीकडे आहे. गूगलनं डोमेनचा धंदा २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसला विकला आणि सगळ्यांची डोमेनं तिकडे गेली. ज्या गूगल खात्यावरून घेतलं होतं त्याच खात्यानं स्क्वेअरस्पेसवर लॉगिन केलं की दिसतं. म्हणजे आता शोधायचा तो माणूस, ज्यानं पहिल्यांदा घेतलं. जुन्या कमिट्यांना फोन लावा, गणपतीच्या कार्यक्रमात विचारा, पण मुदत संपायच्या आत. मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या पैशात सोडवता येतं, मग रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे सोडवायच्या शेवटच्या मुदतीत, जातं आणि तिथं चांगलाच दंड लागतो, आणि त्यानंतर ते कुणीही उचलू शकतो.

सॉफ्टवेअर बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत. अध्यक्षाच्या खाजगी ईमेलवर काढलेलं कुठलंही खातं दोन वर्षांनी गायबच होणार. मंडळाचा स्वतःचा ईमेल काढा, व्यक्तीच्या नावाचा नाही, पदाच्या नावाचा, आणि डोमेन, साइट, तिकीट विक्री, सगळं त्याच्यावर. ओटीपी आणि दुसऱ्या टप्प्याचं व्हेरिफिकेशन एकाच माणसाच्या फोनवर ठेवू नका, बॅकअप कोड प्रिंट काढून खजिनदाराकडे द्या. कमिटी बदलताना हिशोबाच्या वह्या देता ना, त्यातच हे. मंडळाची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी असेल तर गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये अर्ज करा, पात्र ठरलात तर मंडळाच्या डोमेनवरचे ईमेल फुकट मिळतात.

हे झालं की मग काय घ्यायचं ते सोपं आहे. कार्यक्रमांची यादी, फोटो, सभासद फॉर्म एवढंच असेल तर गूगल साइट्स, कॅलेंडर आणि फॉर्म त्यातच बसतात आणि चार जणांना एडिटर करता येतं. जरा रुबाबदार दिसायला हवं आणि वर्गणीतून खर्च निघतोय तर स्क्वेअरस्पेस, डोमेन तिथं आहेच. त्याला कायमचा फुकट प्लॅन नाही, १४ दिवस वापरून बघता येतं, तेवढ्यात कमिटीतल्या सगळ्यात कमी कॉम्प्युटर येणाऱ्या माणसाला संक्रांतीचा कार्यक्रम टाकायला सांगा. त्याला जमलं तर घ्या.

प्रश्न: माझे क्लासेस आहेत. वेबसाइट एका लोकल डिझायनरकडून करून घेतली, डोमेन त्यानंच घेतलं. आता तो फोन उचलत नाही आणि साइटवर अजून दोन वर्षांपूर्वीची फी दिसतेय. मी स्वतः विक्ससारख्या सोप्या वेबसाइट बिल्डरवर नवीन साइट करायला तयार आहे, पण पत्ता तोच हवा.
एक वाचक, नागपूर

उत्तर: सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि घर तुम्ही बांधलंत, असं झालंय हे. आधी आयकॅनच्या, म्हणजे डोमेनांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर तुमचं डोमेन टाकून बघा. मालकाचं नाव हल्ली बहुतेक झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, कुठली आणि मुदत कधी संपते ते दिसतं. ती तारीख लिहून ठेवा.

मग डिझायनरला फोन नको, ईमेल करा, गोड शब्दांत. दोनच गोष्टी मागा, डोमेन अनलॉक कर आणि ऑथ कोड दे. त्या कोडावर तुम्ही तुमच्या नावानं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे डोमेन आणू शकता, डॉट कॉम असेल तर नोंदणीला किंवा आधीच्या ट्रान्स्फरला ६० दिवस झालेले असले पाहिजेत. त्याचं काही देणं बाकी असेल तर देऊन टाका, भांडणात वेळ जातो. डोमेनसाठी तुम्ही पैसे दिल्याची पावती असेल तर जोडा. डॉट इनची तक्रार करायची एक अधिकृत सोय आहे, पण ती मुख्यतः ट्रेडमार्कवाल्यांसाठी, आणि स्वस्त नाही, तुमच्या क्लासला परवडणार नाही.

तो ढिम्म राहिला तर नवीन डोमेन घ्या आणि मोकळे व्हा. ॲडमिशनचा सीझन त्याच्या फोनची वाट बघत घालवू नका. गूगल प्रोफाइल, फलक, पॅम्प्लेट, व्हॉट्सॲपचा डीपी, सगळीकडे नवा पत्ता, आणि बिल्डर कुठलाही चालेल, फी तुम्हाला स्वतःला बदलता आली म्हणजे झालं.

प्रश्न: ताई, मी बीकॉमला आहे. बाबांच्या फर्निचरच्या दुकानाची साइट मीच करतोय. आता एआयला सांगितलं की आख्खी साइट करून मिळते ना, मग विक्स, वर्डप्रेस हे सगळं शिकायचं कशाला?
एक वाचक, लातूर

उत्तर: मिळते की. विक्समध्ये, हॉस्टिंगरमध्ये, वर्डप्रेस डॉट कॉममध्ये आता ती सोय आतच आहे, दुकान कसलं, गाव कुठलं ते लिहायचं आणि मिनिटभरात साइट समोर. कोरं पान बघून ज्यांना काही सुचत नाही त्यांना याचा खरंच फायदा होतो, मी नाकं मुरडणार नाही. फक्त नंतर सागवानाच्या बेडचा भाव बदलायचा तर तू त्याच बिल्डरच्या एडिटरमध्ये जाणार आहेस, म्हणजे तेवढं शिकणं सुटत नाही, आणि ज्या कंपनीचं एआय वापरलंस तिच्याच घरात तू अडकलास हेही लक्षात ठेव.

मराठी मजकूर मात्र स्वतः लिही. बाबा गिऱ्हाइकाशी जसं बोलतात तसं, लाकूड कुठलं, पॉलिश कसलं, घरपोच किती किलोमीटरपर्यंत. एआय लिहितं ते 'आम्ही गुणवत्तेसाठी कटिबद्ध आहोत' छापाचं असतं, ते फर्निचरवाल्यालाही चालतं आणि दातांच्या दवाखान्यालाही. आणि लाइव्ह करायच्या आधी खालपर्यंत स्क्रोल करून बघ, बऱ्याचदा तिथं न विचारता पाचशेहून अधिक समाधानी ग्राहक, पंचवीस वर्षांचा अनुभव आणि कुठल्यातरी हसऱ्या बाईचा अभिप्राय येऊन बसलेला असतो. तो भाग सिलेक्ट कर आणि डिलीट मार. त्या जागी बाबांच्या वर्कशॉपमधला खरा फोटो टाक, रंधा मारतानाचा असला तरी चालेल.